अंगणातील तलावाचा जमाखर्च

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, गुदामांची व्यवस्था, वाहतुकीच्या अडचणी अशा विषयांवर लेख यावयाचे, ही रीत आहे. धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाने पोहण्याच्या तलावाविषयी लिहावे, याचे काही व्यापारी बंधूंस नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत बेळगावच्या पेठेतील जुने वाडे सोडून आपली मंडळी शहराबाहेरील नव्या वसाहतींत बंगले बांधू लागली आहेत आणि बंगल्याच्या आराखड्यात देवघर व स्वयंपाकघर यांच्या जोडीने एक निळा आयत काढलेला दिसू लागला आहे. तो निळा आयत म्हणजे घरचा जलतरण-तलाव. त्याविषयी आपल्या समाजात दोन पक्ष आहेत. तरुण मंडळी त्यास आधुनिक राहणीचे लक्षण मानतात. वृद्ध मंडळी त्यास निव्वळ चैन व पापाचे घर म्हणून मोकळी होतात. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने बोलतात, मात्र हिशोबाची वही कोणी उघडीत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चिरंजीवांनी आमच्या घरामागील जागेत असा एक तलाव बांधला. मी त्यास विरोध केला होता. पुढे काम सुरू झाल्यावर, घरात होणाऱ्या कोणत्याही खर्चाकडे डोळे झाकून बसणे हा आपला स्वभाव नसल्याने, मी रोज तेथे खुर्ची टाकून बसलो, कारागिरांना प्रश्न विचारले आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवली. त्या टिपणावरून आज जे मत बनले आहे ते वरील दोन्ही पक्षांहून निराळे आहे. ते समाजापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा तलाव केवळ हौसेने झाला नाही. माझ्या लहानपणी पेठेतील आमच्या वाड्याच्या मागे एक विहीर होती. पाठीला सुका भोपळा बांधून आम्हा भावंडांना चुलते त्या विहिरीत सोडीत. आठ-पंधरा दिवसांत भोपळा सुटे व मूल मोकळे पोहू लागे. आमच्या आजीला हे फारसे रुचत नसे. अष्टमी-चतुर्दशीस विहिरीत कोणी उतरू नये असा तिचा दंडक होता, आणि पिण्याचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून जीवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडण्याचा नेम तिने अखेरपर्यंत पाळला. पुढे घरोघरी नळ आले, विहिरीचे पाणी कोणी शेंदीनासे झाले, आणि एके वर्षी गुदाम वाढविण्यासाठी आम्हीच ती विहीर दगडमातीने भरून टाकली. त्या वेळी जागा मिळाली याचा आनंद झाला. पुढच्या पिढीची पोहण्याची शाळा त्या भरावाखाली गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पेठेतील बहुतेक घरांची हीच कथा आहे.

याचा परिणाम फार वर्षांनी दिसला. आमच्या ओळखीच्या एका घरातील तरुण मुलगा मित्रांबरोबर सहलीस गेला असता नदीच्या डोहात बुडाला. पाणी पुरुषभरही नव्हते, असे मागाहून समजले. त्या घरातील मुलाच्या आजोबांना मी विहिरीत सूर मारताना पाहिले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ व २०२२ या सालांच्या अहवालांनुसार आपल्या देशात पाण्यात बुडून मृत्यू पावणाऱ्यांची संख्या वर्षास तीस हजारांहून अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली ठराव करून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन म्हणून ठरविला, यावरून या गोष्टीचे गांभीर्य ध्यानी यावे. त्या मुलाच्या दशक्रियेहून परत येताना चिरंजीव मला म्हणाले, "दादा, आपल्या मुलांना पाणी माहीत नाही. ते शिकविल्याशिवाय मला झोप लागणार नाही." त्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता या तलावाचे स्वरूप पाहू. घरच्या तलावाचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला सळई-काँक्रीटचा व वर फरशा बसविलेला, दुसरा कारखान्यात एकसंध ओतलेल्या तंतुकाचेच्या टाकीचा, आणि तिसरा व्हिनाइलच्या अस्तराचा. आमचा तलाव तिसऱ्या प्रकारचा आहे. यात खड्डा खणून भोवती पक्क्या भिंती उभारतात, तळ गुळगुळीत करतात आणि आतून व्हिनाइलचे एक अखंड अस्तर पसरून त्यात पाणी भरतात. भार सोसण्याचे काम भिंत करते व पाणी धरून ठेवण्याचे काम अस्तर करते. हे दोन धर्म भिन्न आहेत, आणि या प्रकारच्या कामातील बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्याने होतात. गुदामातील पोत्यांच्या थप्पीवर आपण धुरी देताना जो जाड कागद पांघरतो, तो वायू कोंडून ठेवतो. परंतु थप्पी वाकडी रचली असेल तर तो तिला कोसळण्यापासून वाचवीत नाही. तसेच हे आहे.

ही कल्पना अगदीच परकी आहे असेही नाही. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडो येथे बांधलेले महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे, आणि त्याच्या विटांच्या बांधणीमागे पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. पाणी अडविणारा पातळ थर निराळा व त्यास आधार देणारी बांधणी निराळी, हा विचार तेथे स्पष्ट दिसतो. आज डांबराची जागा मऊ केलेल्या पॉलिव्हिनाइल क्लोराइडने घेतली आहे. हा पदार्थ मऊ व लवचीक करण्याची कृती अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनज्ञाने १९२६ साली शोधून काढली.

आमचा तलाव ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद असून त्याची खोली १.१ मीटरपासून १.५ मीटरपर्यंत, म्हणजे सरासरी १.३ मीटर आहे. गुणाकार केला असता ४१.६ घनमीटर, म्हणजे ४१,६०० लिटर पाणी होते. धान्याच्या भाषेत बोलावयाचे तर हे ४१६ क्विंटल वजन झाले; पन्नास किलोची ८३२ पोती एकावर एक रचल्यासारखे. एवढा भार ज्या जमिनीवर ठेवावयाचा तिची परीक्षा आधी झाली पाहिजे. आपल्या भागात कोठे तांबडी जांभ्याची जमीन लागते तर कोठे काळी. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी ती माती काढून मुरूम भरून दाबल्याशिवाय भिंत उभारणे म्हणजे वाळूवर थप्पी लावणे होय. जागा निवडताना मोठ्या झाडांपासून दूर असावे, कारण पाने पाण्यात पडतात व मुळे भिंतीकडे धावतात. ऊन मात्र पुरेसे यावे, आणि स्वयंपाकघराच्या किंवा बैठकीच्या खिडकीतून तलावाचा प्रत्येक कोपरा दिसावा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

भिंती काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, मध्ये सळई घालून व वर-खाली पट्टे बांधून केल्या. कित्येक ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांच्या भिंती जोडून त्यांच्या पायाशी काँक्रीटची कॉलर ओततात. तीही पद्धत चांगली आहे. तळावर सिमेंट व बारीक वाळूचा थर घोटून आरशासारखा केला व वर नमद्यासारखे जाड कापड अंथरले, कारण तळाशी राहिलेला हरभऱ्याएवढा खडा पुढे अस्तरातून पायाला लागतो आणि कालांतराने तेथेच छिद्र पडते. लव्हाळ्याच्या मुळाशी तर विशेष लक्ष द्यावे लागते. त्याचा टोकदार अंकुर अस्तर भेदून वर येतो, हे मी ऐकले तेव्हा खरे वाटले नव्हते. परंतु ज्यांनी शेत केले आहे त्यांस लव्हाळ्याचा पराक्रम सांगावयास नको.

अस्तराची मागणी भिंती पूर्ण झाल्यावरच नोंदवावी. कागदावरील मापे व प्रत्यक्ष बांधकाम यांत बोट-दोन बोटे अंतर पडतेच, आणि अस्तर तर अंगरख्याप्रमाणे मापाने बेतलेले असते. लांबी, रुंदी, निरनिराळ्या ठिकाणची खोली व दोन्ही कर्ण मोजून ते कारखान्यात जोडून घेतात. आमचे अस्तर पाऊण मिलिमीटर जाडीचे आहे. याहून जाड, म्हणजे दीड मिलिमीटरचे, आत पॉलिएस्टरची जाळी असलेले अस्तरही मिळते. ते जागेवरच गरम हवेने जोडतात व ते अधिक टिकते. अस्तर घालण्यास उन्हाचा दिवस निवडला, कारण उष्णतेने ते मऊ होते. त्याची वरची कड काठाच्या खोबणीत अडकविली, मग अस्तरामागील हवा एका यंत्राने ओढून घेतली, तेव्हा सर्व सुरकुत्या जाऊन ते भिंतीस चर्मासारखे चिकटले. मग पाणी सोडले. नळ्यांची भोके आधी पाडावयाची नसतात. पाणी त्या त्या नळीच्या जरा खाली येईपर्यंत थांबून, रबरी चकती व पट्टी घट्ट आवळून, नंतरच तेथील अस्तर कापावयाचे असते. ही घाई न करण्याची शिस्त पाहून मला समाधान वाटले.

परंतु एका जागी मात्र घाई झाली व तिची किंमत आम्ही मोजली. खड्डा वैशाखात खणला. तेव्हा तो ठणठणीत कोरडा होता. तळाखाली खडीचा थर घालून त्यात छिद्रांची नळी टाकावी, आणि ती नळी बाजूच्या एका लहान कुंडात आणून तेथून पाझराचे पाणी उपसण्याची सोय ठेवावी, असा मूळ आराखडा होता. काम करणाऱ्यांनी सांगितले की, जमीन कोरडी आहे, एवढा खर्च कशास? चिरंजीवांनी ते मानले. मीही मानले, हे कबूल केले पाहिजे. पैसे वाचत असले की आपली जिज्ञासा थोडी मंदावते. श्रावणात संततधार लागली, जमिनीतील पाणी वर आले, आणि एके सकाळी पाहतो तो तलावाच्या तळाचे अस्तर मध्यभागी पुरीसारखे फुगलेले! घाबरून चिरंजीव तलाव रिकामा करावयास निघाले. तसे केले असते तर सर्वनाश झाला असता. बाहेरील पाण्याची पातळी आतील पातळीहून वर गेली म्हणजे अस्तर तरंगू लागते, आणि आतील पाण्याचे वजन हाच त्यावरील एकमेव दाब असतो. तो दाब काढून घेतला की अस्तर खोबणीतून सुटते व भिंतही आत ढकलली जाण्याचे भय असते. एका जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने आम्ही तलाव काठोकाठ भरलेला ठेवला, बाहेर चार हातांवर खड्डा घेऊन तेथून पंपाने जमिनीतील पाणी उपसले, आणि अस्तर हळूहळू खाली बसले. सुरकुत्या मात्र राहिल्या. पुढील फाल्गुनात अस्तर उचलून, तळ फोडून, ती नळी घालावी लागली. वाचविलेल्या पैशांच्या कित्येक पटी गेल्या. ज्या गावी पावसाळ्यात विहिरी काठापर्यंत येतात तेथे वैशाखातील कोरड्या खड्ड्यावर विश्वास ठेवू नये, एवढा बोध आपल्या मंडळींनी आमच्या खर्चाने घ्यावा.

बांधणी झाली म्हणजे खर्च संपला असे ज्यांस वाटते त्यांनी पुढील आकडे पाहावेत. पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी ते वाळूच्या गाळणीतून फिरवावे लागते. आमचा पंप तासास ८ घनमीटर पाणी फिरवितो. म्हणजे सर्व पाणी एकदा गाळून निघावयास सव्वापाच तास लागतात. तो रोज सहा तास चालतो. पाऊण किलोवॅटच्या हिशोबाने ही साडेचार युनिट वीज झाली, महिन्यास १३५ युनिट. चैत्रात काठावर खुणेची पट्टी लावून आम्ही पाहिले, तर रोज सुमारे सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जात होते. ३२ चौरस मीटर पृष्ठभागावर हे १९२ लिटर होते, महिन्यास ५,७६० लिटर. गाळणी उलट्या प्रवाहाने धुण्यास आठवड्याला सुमारे ४०० लिटर जातात. क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत एक ते तीन भाग व पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ राखावा लागतो. क्लोरीनची वडी अस्तरावर पडून राहिली तर तेथील रंग उडतो. पाणी फार आम्ल झाले तर अस्तर ताठर बनते. अस्तर चांगले सांभाळले तरी ते आठ-दहा वर्षांनी बदलावे लागेल, अशा बेताने दरसाल घसारा मांडला पाहिजे. गुदामाच्या पत्र्यावर आपण घसारा मांडतो, मग यावर का मांडू नये?

याहूनही मोठे खाते सुरक्षिततेचे. ज्या हेतूने तलाव बांधावयाचा त्याच हेतूचा घात तलाव करू शकतो. लहान मूल बुडताना ओरडत नाही. ते निमूटपणे खाली जाते, आणि त्यास दोन-चार मिनिटे पुरतात. म्हणून पाणी भरण्याआधी चारही बाजूंस निदान १.२ मीटर उंचीचे कुंपण झाले पाहिजे. त्याच्या उभ्या गजांत दहा सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावे. फाटक आपोआप मिटणारे, बाहेरच्या बाजूस उघडणारे व मुलाच्या हातास न लागेल इतक्या उंचीवर कडी असलेले असावे. तळातील पाणी ओढणारी तोंडे एकच न ठेवता अंतरावर दोन ठेवावीत व त्यांवर उठावदार जाळ्या बसवाव्यात, नाहीतर एकाच तोंडाच्या ओढीत केस किंवा अंग अडकते. विजेच्या जोडणीस तीस मिलिअँपिअरवर तुटणारे संरक्षक उपकरण हवेच, व पाण्यातील दिवे बारा व्होल्टचेच असावेत. आमच्या घरी सूनबाईंनी एक नियम केला आहे : मुले पाण्यात असताना काठावर बसलेल्या मोठ्या माणसाने हातात फोन घ्यावयाचा नाही. ज्यास हा नियम पाळता येणार नाही त्याने तलाव बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धर्माच्या बाजूकडे वळतो. शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले असून त्यांतील संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा टाकावी व बाकीच्या शक्य तितक्या कमी कराव्यात, असे सांगितले आहे. आपण धान्याचे व्यापारी; गुदामात कीड पडली म्हणजे आपणांपुढे काय धर्मसंकट उभे राहते हे ज्याचे त्यास ठाऊक आहे. तेव्हा तलावात क्लोरीन घालणाऱ्यास पापी म्हणून बोट दाखविण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. परंतु समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे भेद सांगितले आहेत त्यांत प्रमादचर्या हा एक आहे, आणि निष्कारण जमीन खणणे, निष्कारण पाणी उधळणे, निष्कारण अग्नी व वारा यांचा आरंभ करणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश त्यात केला आहे. जमीन खणणे व पाणी, ही तलावाची दोन्ही अंगे येथे नावानिशी आली आहेत. सारा भर आहे तो निष्कारण या शब्दावर. शेतकऱ्याची विहीर जमीन खणूनच होते व तीस कोणी अनर्थदंड म्हणत नाही. मग प्रश्न असा उरतो की, घरच्या तलावास खरोखर प्रयोजन आहे काय, आणि असल्यास ते किती दिवस टिकते?

याचे उत्तर मी अनुमानाने देत नाही. नातवाने तलावाच्या काठी एक वही ठेवली आहे व पोहणारा प्रत्येक जण तीत नाव व तारीख लिहितो. पहिल्या वर्षी १४३ दिवस कोणी ना कोणी पाण्यात उतरले. दुसऱ्या वर्षी ६१ दिवस. तिसऱ्या वर्षी अवघे २४. मुले पोहावयास शिकली, शिकल्यावर अभ्यासात गुंतली, आणि तलाव मात्र बारा महिने वीज व पाणी खात राहिला. पंप बंद ठेवावा तर चार दिवसांत पाणी हिरवे होते व डासांची पैदास होऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना डेंग्यूचे भय. रोज सकाळी मी जाळीच्या टोपलीतून मधमाश्या व बेडूक वेचून काढतो. बेडकांना चढून जाण्यास एक लाकडी फळी तिरकी टाकून ठेवली आहे. तिने बरेच जीव वाचतात, सर्व वाचत नाहीत. तलाव झाकण्यासाठी आच्छादन घेतले, त्यामुळे बाष्प व जीवहानी दोन्ही कमी झाली. परंतु झाकलेला तलाव पाहून मनात येते की, हा कोणासाठी ठेवला आहे?

त्याच वहीत दुसरीही एक गोष्ट आहे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत गल्लीतील व नात्यातील मुलांना आम्ही बोलावीत असू. त्यांपैकी अकरा मुले-मुली आज न घाबरता पोहतात, आणि त्यांत आमच्या हमालाच्या दोन मुली आहेत. सर्व खर्चाच्या बाजूसमोर जमेस मांडण्याजोगी ही एकच रक्कम मला दिसते; परंतु ती लहान नाही.

पाण्याचे मोल काय असते हे आपल्या प्रदेशास शिकवावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेण्यात आले, त्या पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या व प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. आमच्या अंगणातील पाणी म्हणजे त्यांतील एका वाघिणीचे पाच-षष्ठांश. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर तेवढ्यात ७५६ माणसांचा एक दिवस निघतो. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली व ५,००० रुपये दंड ठरविला. राकसकोप व हिडकल या जलाशयांवर बेळगावची तहान भागते; मृगाचा पाऊस लांबला की त्यांच्या पातळीकडे सर्वांचे डोळे लागतात. अशा वेळी शेजारी टँकरची वाट पाहत असावा आणि आपल्या अंगणात निळे पाणी चमकत असावे, ही शोभा नव्हे. व्यापाऱ्याची पत तिजोरीत जितकी असते तितकीच शेजाऱ्याच्या नजरेतही असते.

तर मग निर्णय काय? माझे मत असे की, एका कुटुंबापुरता तलाव बांधण्यास आपल्या मंडळींनी उत्सुक होऊ नये. ज्या प्रयोजनाने त्याचे समर्थन होते ते दोन-तीन वर्षांत पुरे होते आणि आरंभ मात्र कायम राहतो. ज्यांनी बांधला आहे त्यांनी तो शेजारच्या मुलांना, योग्य देखरेखीखाली, उघडा करावा. नळाचे पाणी त्यात घालू नये. दोनशे चौरस मीटर छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होते, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी एक लाख साठ हजार लिटर उरते. आमच्यासारखे तलाव त्यात तीन वेळा भरून वर पाणी शिल्लक राहील. साठवणाची टाकी तेवढी हवी, आणि ती टाकी तलावाहून आधी बांधावी.

परंतु मुलांना पोहणे शिकविण्याचे कर्तव्य यामुळे टळत नाही. म्हणून आपल्या संघापुढे माझी एक सूचना आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली त्या काळापासून विद्यार्थ्यांची वसतिगृहे ही आपल्या समाजाच्या दातृत्वाची खूण राहिली आहे. अशाच एखाद्या विद्यार्थिगृहाच्या आवारात संघाने एक मध्यम तलाव बांधावा. खोली १.२ मीटरहून अधिक नको. शिकण्यास तेवढी पुरते. जाळीचे जाड अस्तर, तळाखाली पाझराची नळी, पक्के कुंपण, छपरावरील पावसाच्या पाण्याची टाकी, शिकलेला जीवरक्षक व मुलींसाठी स्वतंत्र वेळ, या बाबी ठरावातच लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे काटकसरीच्या नावाखाली त्या गळणार नाहीत. फाल्गुन ते ज्येष्ठ वर्ग चालावेत. चातुर्मासात तलाव झाकलेला असावा. शाळा कोणत्याही समाजाची असो, मुलास प्रवेश असावा. दहा बंगल्यांतील दहा तलावांचे पाणी, वीज व जीवहानी यांच्या जागी एकाच तलावात शेकडो मुले शिकतील, तेव्हा त्या आरंभास प्रयोजन आहे असे आपणांस निःशंक मनाने म्हणता येईल.

काही बंधू विचारतील की, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. जबाबदारी संघाची, आणि म्हणूनच जीवरक्षकाचे वेतन हे खर्चाचे पहिले कलम असावे, फरशीचा रंग शेवटचे. ज्या नदीच्या डोहात तो मुलगा गेला तेथे कोणाचीच जबाबदारी नव्हती, हेही या प्रश्नाबरोबर आठवावे.

आमची विहीर भरून टाकली त्या दिवशी वडील गुदामाच्या ओट्यावर बराच वेळ गप्प बसले होते. त्यांनी काही म्हटले नाही व मीही विचारले नाही. आज वाटते की, त्या भरावाचे कर्ज माझ्या पिढीकडे आहे. संघाच्या पुढील सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. आमच्या तलावाचे तीन वर्षांचे सर्व हिशोब व नातवाची वही सभेपुढे ठेवण्यास मी तयार आहे, आणि ठराव संमत झाल्यास निधीतील पहिली रक्कम आमच्या पेढीकडून जमा होईल. आपणां सर्वांस याविषयी सुबुद्धी लाभो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.